बचावफळीतली जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या उत्तर स्टँड समर्थक मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद माननीय बद्रीनाथराव दांडेकर. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते मुठा युनायटेड फुटबॉल क्लबचे कर्णधार (‘माजी’ हा शब्द मी मुद्दाम गाळते आहे) श्रीयुत रतन मेश्राम. त्यांच्या पत्नी कल्याणीताई. व्यासपीठावर बोलावूनही खाली आपल्यात बसलेला आपला तरुण खेळाडू सोनू. आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच भरल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी दिसते आहे. ती क्लबच्या प्रतिनिधीसाठी ठेवली होती. आम्ही रीतसर निमंत्रण पाठवलं, तर मोबाईलवर टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं चित्र आलं. ती त्यांची उपस्थिती समजावी, असं अध्यक्षांनी सुचवलं आहे. समजू या.

मी नंदा करडे. कसबा पेठेत आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. मला भाषणाची सवय नाही, ओरडायची आहे. त्यामुळे आवाज मध्येच चढला, तर तो माईकचा दोष समजू नये.

गेल्या हंगामात आपला संघ तळातून दुसरा आला, हे इथे कुणाला सांगायला नको. पण हंगाम संपला म्हणून समर्थकाला सुट्टी मिळते का? अहो, उलट तेव्हाच त्याच्या डोक्याला खरा त्रास सुरू होतो. कोण राहणार, कोण जाणार, नवीन कोण येणार! मंडईमागच्या हॉटेलात दर रविवारी सकाळी आपली बैठक बसायची. अनंतराव परचुरे यांचं एकच मागणं: गोल करणारा माणूस आणा. गेली कित्येक वर्षं ते हेच मागताहेत आणि क्लब दर वर्षी त्यांना मधल्या फळीतला खेळाडू आणून देतो. बद्रीनाथरावांना प्रशिक्षक बदलून हवा होता. खराडीच्या आयटी कंपनीत काम करणारी आपली उत्कर्षा लॅपटॉप उघडून बसायची आणि कोण किती धावला याचे आलेख दाखवायची. हॉटेलवाला म्हणायचा, तुम्ही सगळे मिळून एकदा संघ निवडून टाका, म्हणजे माझी टेबलं मोकळी होतील.

तर अशाच एका रविवारी उत्कर्षाने रतनरावांचा आलेख काढला. हळूच, पण काढला. बचावफळीच्या मध्यभागी उभा राहणारा माणूस वळायला उशीर करत असेल, तर समोरचा स्ट्रायकर त्याच्या मागून निघून जातो, आणि गेल्या वर्षी हे पुष्कळदा झालं, असं तिचं म्हणणं. अनंतराव भडकले. ज्या माणसाने आपल्याला वरच्या लीगमध्ये आणलं, त्याला तुम्ही रेघांमध्ये मोजता का, वगैरे वगैरे. चहाचे कप हलायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, “उत्कर्षाताई बरोबर सांगून राहिल्या.”

मागे रतनराव उभे. कल्याणीताई मंडईत भाजी घेत होत्या, आणि हे आमचा आवाज ऐकून आत आले होते. मूळचे चंद्रपूरकडचे. चाकणच्या कारखान्यात नोकरी करता करता कंपनीच्या संघातून खेळायला लागले आणि तिथून आपल्या संघात आले. इतकी वर्षं पुण्यात काढली, पण मनातलं बोलायचं झालं की तिकडची बोली येतेच.

ते बसले. गुडघा आता पूर्वीसारखा साथ देत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग म्हणाले, बाहेरून कशाला माणूस शोधता, आपला सोनू आहे. अनंतराव हसले. सोनूने त्याच्या पहिल्याच सामन्यात पेनल्टी दिली होती, हे इथे आठवण करून द्यायची गरज नाही. सोनू, मान खाली घालू नकोस, सगळ्यांनी पाहिलंय ते. रतनरावांचा विचार असा होता, की हा एक हंगाम आपण सोनूच्या शेजारी खेळायचं, त्याला कुठे उभं राहायचं ते शिकवायचं आणि मग आपण बाजूला व्हायचं. नव्या हंगामाची जर्सी घालून त्यांचे फोटोही काढून झाले होते. मग राहण्याविषयी शंका यावीच कशाला?

हे बोलणं चालू असताना उत्कर्षाचा फोन वाजला. तिने पाहिलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. रतनरावांनी तिच्याकडे पाहिलं.

“वाचा न,” ते म्हणाले. “माझंच असंल.”

तिला वाचावं लागलं. क्लबने जाहीर केलं होतं, की रतन मेश्राम यांचा करार पुढे वाढवलेला नाही, त्यांच्या योगदानाबद्दल आभार. खाली फोटो होता, पाठमोरा. तो रतनरावांचा नव्हताच. कुणीतरी दुसराच खेळाडू होता. मंडळी, हा माणूस आमच्या टेबलाशी बसून पुढच्या वर्षीच्या संघाची आखणी करत होता, आणि आपण त्या संघात नाही हे त्याला आमच्या फोनवरून कळलं. याला काय म्हणायचं, ते या सभागृहाच्या नियमांत बसत नाही.

कल्याणीताई पिशव्या घेऊन दारात आल्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी विचारलं, काय झालं. रतनराव उठले, एक पिशवी घेतली आणि म्हणाले, “काही नाही. सुट्टी मिळाली.” कल्याणीताईंनी आमच्याकडे एकवार पाहिलं.

त्यानंतर बद्रीनाथराव, उत्कर्षा आणि मी खराडीला क्लबच्या ऑफिसात गेलो. काचेची इमारत. खाली गळ्यात अडकवायला पट्टे दिले, बहुधा आम्ही हरवू नये म्हणून. क्लबचे क्रीडा संचालक दिग्विजयसाहेब फार अगत्याने भेटले. पाण्याच्या बाटल्या दिल्या, मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांत युवा ऊर्जा होती, नवी ओळख होती, आणि परदेशातून येणारा एक उंच बचावपटू होता. मी विचारलं, हे सगळं ठीक आहे, पण रतनरावांना कुणी एक फोन केला होता का? साहेब म्हणाले, “प्रक्रियेत थोडी कम्युनिकेशन गॅप राहिली.”

बद्रीनाथराव म्हणाले, “गॅप आजवर बचावफळीत होती. आता ऑफिसातही दिसते आहे.”

साहेब हसले. त्यांना ते कौतुक वाटलं असावं.

परत आल्यावर मंडळाची सभा झाली. पहिल्या घरच्या सामन्याला उत्तर स्टँड पूर्ण रिकामा ठेवायचा, असा ठराव अनंतरावांनी मांडला. मी अनुमोदन दिलं. मतदान होणार, इतक्यात रतनराव स्वतः आले. आम्हाला वाटलं, आभार मानायला आले असतील. ते म्हणाले, असं करू नका. साथीच्या वर्षी रिकाम्या स्टँडसमोर ते खेळले होते. चेंडूवर पाय मारल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो, आणि माणसाला वाटतं आपण कुणासाठी खेळतोय, असं त्यांनी सांगितलं. मैदानावर दिग्विजयसाहेब नसतील, पोरं असतील, असंही म्हणाले. अनंतराव रागाने उठून गेले. ज्याच्यासाठी भांडायचं तोच समोरच्यांची बाजू घेतो, तर आम्ही काय करावं? मतदान झालंच नाही, ठराव तसाच लटकत राहिला. मला तर दोघांचाही राग आला होता.

आणि मग खेळाडूंचे करार करण्याची मुदत संपत आली असताना तो उंच परदेशी बचावपटू दुसऱ्याच शहराच्या क्लबात गेला. आला नाही, भेटला नाही, परस्पर गेला. आपल्याकडे मध्ये उभा राहायला कुणी उरलं नाही. तेव्हा मात्र गॅप भरून निघाली. क्लबचा फोन रतनरावांना गेला: निदान डिसेंबरपर्यंत या.

काय सांगू, त्या दिवशी कसब्यात आम्ही कसे वागलो! अनंतरावांनी पेढे वाटले. मी दुकान अर्धं उघडं टाकून मंडईपर्यंत चालत जाऊन आले, निव्वळ लोकांना सांगायला. संध्याकाळी बातमी आली, की रतनरावांनी नकार दिला.

मी तडक त्यांच्या घरी गेले. अध्यक्ष महोदय, मी तिथे भांडले. रतनराव गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसले होते. मी म्हटलं, तुम्हाला पाहायला आम्ही उन्हात बसतो, पावसात बसतो, क्लबने अपमान केला तर तुमच्यासाठी रस्त्यावर यायला तयार होतो. आता दार उघडलंय, तर तुम्ही आत जात नाही. आमचा काही विचार केलात का?

कल्याणीताईंनी पाणी आणून दिलं. रतनरावांनी बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “ताई, त्याईले सोनूच्या शेजारी नाही, सोनूच्या जागेवर माणूस पाहिजे. मी डिसेंबरपर्यंत गेलो, तर सोनू डिसेंबरपर्यंत बाकावर बसंल. मग कोणी नवा येईल, अन् सोनूलेही एखाद्या रविवारी मोबाईलवरच कळंल. त्याच्यापेक्षा त्याले आत्ताच उभं करू द्या न.”

मी म्हटलं, आणि तुमचं काय?

“माले खेळायचंच होतं,” ते म्हणाले. एवढंच. कल्याणीताई उठून आत गेल्या.

पुढे काय झालं, ते मला उत्कर्षाकडून कळलं. नकार देऊन रतनराव थांबले नव्हते. ते खराडीला गेले, गळ्यात तो पट्टा अडकवून घेतला आणि दिग्विजयसाहेबांना म्हणाले, तुमच्याकडे दुसरा कुणी नाही हे मला माहीत आहे. सोनूला तीन हंगामांचा करार द्या, माझ्यासमोर द्या, आणि हंगाम सुरू होईपर्यंत मी सरावाला येऊन त्याला शिकवतो. साहेबांनी टाळाटाळ केली. रतनराव बसून राहिले. शेवटी सोनूला बोलावून घेतलं आणि करार झाला. तेव्हापासून रोज सकाळी हे दोघं मैदानावर होते. हे ओरडायचे आणि सोनू वळायचा. परवा नागपूरच्या गाडीने रतनराव निघतात. तिथल्या एका अकादमीत ते मुलांना शिकवणार आहेत.

रतनराव, मला तुमचं अजूनही पटलेलं नाही. तुम्ही खेळायला हवं होतं. आम्हाला तुम्ही मैदानावर हवे होतात, फुलांच्या हारात नव्हे. हा कार्यक्रम स्टेडियममध्ये भरल्या स्टँडसमोर व्हायला हवा होता. तो इथे, लग्नाच्या हॉलमध्ये, पुढच्या मंडळींनी सहाच्या आत जागा मागितली म्हणून घाईघाईने करावा लागतो आहे. याचा राग मला आहे आणि तुम्ही कितीही शांतपणे हसलात, तरी तो जाणार नाही. पण स्टँड रिकामा ठेवायचा ठराव काल मागे घेतला गेला. मागे घेण्याची सूचना अनंतरावांनीच मांडली. मांडताना त्यांना दोनदा थांबावं लागलं, हे त्यांच्या परवानगीशिवाय सांगते आहे.

सोनू, आम्ही पहिल्या सामन्याला येतो आहोत. तू चुकलास तर ओरडू, नाव घेऊन ओरडू. तुझ्यासाठी कुणीतरी आपलं खेळणं सोडलंय, तेव्हा आम्ही तुझ्याशी गोड बोलू अशी आशा धरू नकोस. पण तू मागे वळून पाहशील, तेव्हा स्टँड भरलेला दिसेल.

हॉलची व्यवस्था करणाऱ्या सभासदांचे, चहा वेळेवर आणि गरम देणाऱ्या हॉटेलवाल्यांचे, आणि आज आपल्या माणसाला इतका वेळ आमच्याकडे सोपवणाऱ्या कल्याणीताईंचे मी मंडळातर्फे आभार मानते. गोल करणारा खेळाडू अजून आलेला नाही, त्याबद्दल ज्यांचे आभार मानायचे ते इथे नाहीत. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेल असं काही निघून गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. रागाबद्दल मात्र माफी मागत नाही. तो मला हंगामभर पुरवायचा आहे.

नमस्कार.