पॅडल जड झालं

हॅलो?… हॅलो, ताई?… हो, मीच. हा यांचा फोन आहे, माझा बंद पडलाय… नाही गं, अजून हॉस्पिटलातच. यांच्या कॉटशेजारी बसलेय.

ताप? अगं ऐक ना, ताप तीन आठवड्यांपूर्वीच उतरला… तेच तर मी डॉक्टरांना विचारलं. ताप गेला, मग पाय कशाने गेले?

म्हणतात, तापाचा तो व्हायरस आणि आपल्या नसांवरचं अस्तर, दोन्ही सारखीच दिसतात… हो, अस्तर माझा शब्द, शिंप्याची बायको ना मी. एकाच ताग्यातले दोन तुकडे म्हण. शरीर व्हायरसला मारायला निघालं आणि आता स्वतःच्याच नसा कुरतडतंय… अगं पण शत्रू गेला ना? मग भांडण कुणाशी चाललंय? दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मीच कळल्यासारखी मान हलवली… त्यांनाही म्हणे सगळं उलगडलेलं नाही.

कधीपासून?… सोमवारी म्हणाले, पॅडल जड लागतंय. मी मशीनला तेल घातलं. मंगळवारी आणखी जड. मी पट्टा बदलून घेतला. बुधवारी मेकॅनिक बोलावला. त्याने एका पायाने भरभर चालवून दाखवलं, म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही… आणि मी काय बोलले माहितेय? म्हटलं, गिऱ्हाइकं दारात उभी आहेत, अंगचोरपणा पुरे… हो, असंच म्हटलं. तीन दिवस मशीनला औषधपाणी केलं गं मी, आणि माणसाकडे बघितलंच नाही… नाही, रडत नाहीये.

हो… हो, सलाईनमधून औषध चालू आहे. बरेच जण बरे होतात म्हणाले, महिने लागतात. फक्त ते पायांतून वर श्वासापर्यंत चढायला नको. म्हणून दर तासाला यांना एका दमात आकडे म्हणायला लावायचे. काल सत्तावीसपर्यंत गेले. सकाळी बावीस. पंधराच्या आत आले, तर लगेच सिस्टरला हाक मारायची… थांब, तास झालाच. ठेवू नकोस, तूही ऐक.

अहो, ताई आहे फोनवर. म्हणा बघू… हं… सहा, सात… ऐकतेय, ऐकतेय… दहा… अकरा…

पुढे?… अहो, पुढचा म्हणा ना…

ताई, तुला ऐकू आला का पुढचा आकडा?… नाही?… मला वाटलं, मलाच आला नाही.

ठेवते गं. सिस्टर… सिस्टर, इकडे या, अकराच झाले…