शिंप्याची पकड

बायको : हात हलवू नका म्हटलंय डॉक्टरांनी. आणि आता परत सांगा, नीट सांगा. तो माणूस किती उंच होता?

शिंपी : उंच म्हणजे... तालमीच्या दारातून आत येताना त्याला वाकावं लागतं.

बायको : काल डॉक्टरांना सांगितलंत, तेव्हा त्यात दार नव्हतं.

शिंपी : डॉक्टर घाईत होते.

बायको : नाव काय त्याचं?

शिंपी : तू खडू घे आणि कामाला लाग बघू. माझा उजवा खांदा निखळलाय, तुझे दोन्ही शाबूत आहेत. बेकरीवाल्याचा लग्नाचा सूट आठ दिवसांत द्यायचाय.

बायको : मी बायकांचे कपडे शिवणारी. पुरुषांच्या पँटला जन्मात कधी कात्री लावलेली नाही.

शिंपी : पँट कापून झालीय. तू कोट घे. पँट... पँट राहू दे जरा बाजूला.

बायको : का?

शिंपी : राहू दे म्हणतो ना.

बायको : बेचाळिसाव्या वर्षी माणसाला चष्मा लागतो. तुम्हाला कुस्ती लागली. सहा महिने झाले, रोज सकाळी दुकान मी उघडायचं आणि तुम्ही लंगडत, नाहीतर कण्हत घरी यायचं. मागे मान धरली होती, मशीनवर तिरके बसून शिवत होतात. त्या शाळामास्तरांच्या शर्टाची कॉलर अजून तिरकी आहे.

शिंपी : वीस वर्षं दुसऱ्यांच्या छात्या मोजतोय मी. वाटलं, एकदा आपलीही मोजण्यासारखी व्हावी. दोन महिन्यांनी नवशिक्यांच्या कुस्त्या आहेत. फळ्यावर माझं नाव लागलंय. एकदाच लोकांसमोर लढायचंय मला. जिंकलो नाही तरी चालेल.

बायको : पुरे आता. खांदा जागेवर बसवलाय, तुम्हीही जागेवर बसा. आजपासून तालीम बंद.

(दुकानाच्या दारात तालमीचे वस्ताद येऊन उभे राहतात. काखेत केळ्यांचा घड.)

वस्ताद : येऊ का, वहिनी? काय मास्तर, कसा आहे खांदा?

बायको : या, बरं झालं आलात. तो कोण हो, दारातून वाकून येणारा?

वस्ताद : आमच्याकडे वाकून येणारा? कोणी नाही बुवा.

शिंपी : वस्ताद, पाणी आणू?

बायको : तुम्ही बसा. वस्ताद, यांना पाडलं कोणी?

वस्ताद : बेकरीवाल्यानं. माझ्या खांद्यापर्यंतच येतो तो.

बायको : आपला बेकरीवाला? पाव कडक निघाला तर दोनदा माफी मागतो तो?

वस्ताद : तोच. काल सकाळपासून माफीच मागत फिरतोय. आणि खरं सांगू का वहिनी, मास्तर जिंकत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मागून शिरले, दोन्ही हातांनी कमरेला पकड घातली, आता फक्त उचलून टाकायचं राहिलं होतं. सगळी तालीम उठून उभी राहिली. आणि यांनी हात सोडले.

बायको : सोडले?

वस्ताद : सोडले. आणि म्हणतात कसे, 'अरे देवा, एक्केचाळीस.'

बायको : एक्केचाळीस काय?

शिंपी : कंबर. महिन्यापूर्वी मीच टेप लावली होती, अडतीस भरली. पँट कापून तयार. शिवणीत सोडलेलं सगळं कापड उसवून काढलं तरी दीड इंचाच्या वर वाढत नाही. आता तू सांग, तुझ्या हातांना असं अचानक कळलं असतं तर तू काय केलं असतंस?

बायको : ...सोडलं असतं.

शिंपी : ऐकलंत, वस्ताद?

वस्ताद : मी फक्त एवढंच बघितलं की तो गर्रकन वळला आणि अख्खा यांच्या अंगावर आला. खांदा निखळलाय, तोंड पांढरं पडलंय, आणि हे खालून त्याला विचारतायत, कोटाचंही असंच झालंय का म्हणून.

बायको : मग? काय म्हणाला तो?

शिंपी : कोट ठीक बसेल म्हणाला. पण माझा आता त्याच्यावर विश्वास नाही.

वस्ताद : माझाही उडालाय. ऐंशी किलोच्या गटात लढतो तो. काट्यावर उभा राहा म्हटलं की याची भट्टी पेटवायची राहिलेली असते. तीन इंच वाढला आणि माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. मास्तरांच्या हातांना दिसलं. म्हणूनच आलोय मी. मास्तर, तुमच्यासाठी एक काम काढलंय.

शिंपी : कसलं काम?

वस्ताद : आखाड्याबाहेर तुम्हाला खुर्ची देतो. गादीची. पोरं एकेक करून समोर येतील, तुम्ही नुसता कमरेला हात लावायचा आणि मला आकडा सांगायचा. कोण चोरून खातोय ते तिथल्या तिथे कळेल. मानाचं काम आहे.

शिंपी : आणि फळ्यावरचं नाव?

वस्ताद : ते पुसलं मी सकाळीच. अहो, या वयात कशाला हाडं मोडून घेता? हात तुमचे सोन्याचे आहेत, पण ते लढायचे नाहीत. मापाचे आहेत.

शिंपी : बरं.

बायको : बरं काय बरं?

शिंपी : वस्ताद म्हणतायत ते खरंच असेल.

बायको : वस्ताद, तुमच्या तालमीत काटा नाही का?

वस्ताद : आहे की.

बायको : मग पोरांना त्याच्यावर उभं करा. माझा नवरा काही काटा नाही. सहा महिने रोज पहाटे उठलाय तो. तुमची माती यांच्या कानातून मी काढलीय. खुर्चीत बसायला हे दुकान काय वाईट होतं?

वस्ताद : वहिनी, मागच्या आठवड्यात तुम्हीच तालमीच्या दारात येऊन मला म्हणाला होतात, यांना काढून टाका म्हणून. सगळ्या पोरांनी ऐकलंय.

शिंपी : तू तालमीत गेली होतीस?

बायको : गेले होते. तेव्हा ते नुसते पडत होते. काल जिंकत होते, तुम्हीच आत्ता सांगितलंत.

वस्ताद : जिंकत होते, पण सोडलं ना त्यांनी.

बायको : बेकरीवाला होता म्हणून सोडलं. पुढच्या वेळी ज्याचे कपडे आमच्याकडे शिवायला नाहीत असा गडी द्या. मग बघू कोण सोडतो ते.

वस्ताद : असा गडी या गावात शोधावा लागेल.

बायको : शोधा. दोन महिने आहेत. आणि घरी जाताना तालमीवरून जा, फळ्यावर नाव परत लिहा.

वस्ताद : अहो, पण दीड महिना हात गळ्यात असणार यांचा.

बायको : उरतात ना पंधरा दिवस? केळी ठेवा इथे. आणि वाटेत बेकरी लागेल, त्याला म्हणावं माप द्यायला ये. कमरेला मागून पट्टी जोडते मी. कोटाखाली कोणाला दिसणार आहे?

वस्ताद : मास्तर, तुम्ही तरी बोला.

शिंपी : बोलणारे बोलतायत, वस्ताद.

वस्ताद : येतो मग. लिहितो नाव. पण वहिनी, परत काही झालं तर मला बोलायचं नाही.

बायको : बोलणार. या आता.

शिंपी : गेले. अगं, तूच तर म्हणाली होतीस, आजपासून तालीम बंद.

बायको : ते मी म्हणायचं. बाहेरच्यानं येऊन नाही म्हणायचं.

शिंपी : मग आता बंद की चालू?

बायको : डॉक्टरांनी पाय हलवायला बंदी केलीय का?

शिंपी : पायांचं काही बोलले नाहीत.

बायको : मग उठा. मशीनपासून जरा लांब उभे राहा, आणि घाला बैठका. मी मोजते.

शिंपी : आत्ता? दुकानात? कोणी आलं म्हणजे?

बायको : बघू दे. हं, एक.