लाल लाखेची बाटली

“हॅलो?… हां, वेंदुला, बोल. गुडघा?… नवा बसवलाय, जरा कुरकुरणारच. तुझं सांग.”

विलेम आजोबा इस्पितळातल्या खाटेवर जरा वर सरकले. घरी माळ्यावर त्यांनी तीस वर्षं खपून उभारलेली छोटी रेल्वे होती. आज नात ती पहिल्यांदाच एकटीनं चालवणार होती.

“अकराला बालवाडीची मुलं येणार आणि गाडी हलत नाही?… बोगद्यापर्यंत जाते नि थांबते. बरं. अजून पाऊण तास आहे, रडायचं काही कारण नाही. आधी काय केलंस?… रूळ पुसलेस. शाब्बास. कशानं?… हो, स्पिरिट संपलंय, माझंच चुकलं. मग कशानं?”

आजोबा उठून बसले.

“वेंदुले. लाल लाख लावलेली बाटली?… अगं, तुझ्या जन्माच्या वर्षी गाळलेली प्लमची स्लिवोवित्सा ती. सप्टेंबरात तुझ्या लग्नात फोडायची… हो, दारूत स्पिरिटच असतं, मीच शिकवलं तुला. पण म्हणून तीच?… काय? रूळ चिकट झाले?… आणि प्लमचा वास?… अजिबात नाही.”

शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं. आजोबांनी आवाज खाली आणला.

“आजी कुठंय?… बाजारात. बरं. ऐक. ते साखरेचं पाणी आहे… अगं ऐक ना. एका दमात नाही प्यायलो. तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला मी आणि शेजारचा कुपेच, एकेक घोट… बरं, दोन-दोन. जेवढी कमी झाली तेवढं साखरेचं पाणी भरलं. लाख काय, मेणबत्तीवर धरली की पुन्हा बसते… साखर कशाला? दारू कडक आहे ना ते पाहायला आजी दर वर्षी बाटली हलवून बुडबुड्यांची माळ बघते ना. नुसत्या पाण्यात ती टिकत नाही… हसतेस काय? रूळ बघ.

“आता सांग, गाडीला वीज कुठून मिळते?… रुळांतून, चाकांतून. मध्ये साखर बसली की गाडी उपाशी. म्हणून आधी वीज बंद. कोमट पाण्यात फडकं बुडव, घट्ट पिळ, साखर पुसून काढ. मग कोरडं कर… हो, चाकंसुद्धा. मी थांबतो.

“झालं?… अजून काळा मळ आहे? तो पाण्यानं जात नाही. माझ्या खणात लायटरमध्ये भरायचं पेट्रोल आहे. खिडक्या उघड, जवळ काही पेटतं नको. जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर चार थेंब, बस… नाही, सँडपेपर नको. चरे पडतात नि पुढच्या वेळी मळ त्यातच घर करतो. फारच हट्टी डाग असेल तर खोडरबर. आणि प्लास्टिकच्या घरांना पेट्रोल लावू नकोस, त्यांना साबणाचं पाणी.

“वास पूर्ण जाऊ दे, मगच वीज सुरू कर… आणि मुलांना नुसतं बघायला लावू नकोस. प्रत्येकाला एकदा तरी गाडी थांबवू दे… कोण आलं? आजी?… नको, नको, तुझा आवाज तुटतोय, मला काही…

“हॅलो, हेदविका. गुडघा छान आहे… बाटली? कुठली बाटली?… बरं. हो. अगं ऐक ना, मी लग्नाआधी सांगणारच… तुला माहीत होतं?… पहिल्याच वर्षी? खरी काढून पिठाच्या डब्यामागं ठेवलीस? तेव्हापासून?”

आजोबांचा जीव भांड्यात पडला. पण लगेच काहीतरी खटकलं.

“मग मी चोवीस वर्षं प्यायलो ते काय होतं?… दुकानातली. सगळ्यात स्वस्त… बरं.”

फोनमधून मुलांचा गलका आला, आणि त्याखालून बारीक खडखड. आजोबांनी डोळे मिटले.

“गाडी चाललीय ना?… जरा फोन रुळांजवळ धर… हं. बोगद्यातून बाहेर आली. छान… हेदविका, एक कर. कुपेचला काही सांगू नकोस. अशी चव दुकानात मिळायची नाही, म्हणतो आणि दर वर्षी डोळे पुसतो तो. ठेवतो.”