आईनं भरलेली बाटली

पाण्याचा नमुना म्हटलं, की माझी मान अजून खाली जाते, राव. आमच्या वस्तीच्या वरल्या माळावर कारखान्याचं शुद्ध केलेलं सांडपाणी सोडायचे. ते खाली झिरपतंय का बघायला एक साहेब आमच्या विहिरीचं पाणी तपासायला न्यायचे. पाण्याला लई वास. कळंबचं पावणं आमच्यात हातपाय धुवायलाबी नको म्हणायचे. कारखान्याचा टँकर यायचा, त्यावर वस्ती चालायची.

एकदा साहेबांचा पाय मुरगळला व्हता. ओट्यावर बसूनच त्यांनी आईला बाटली दिली. आईनं ती भरून आणली.

पुढं टँकर बंद झाला. महिन्यानं साहेब आले ते खुशीतच. "मावशी, तुमचं पाणी चांगलं निघालं. आज तुमच्याच विहिरीचं पितो."

आईनं त्यांच्या हातातला तांब्या धरला. "नका पिऊ. ती बाटली मी शाळेच्या हापशावर भरली व्हती. पावण्याच्या हातात असलं पाणी कसं द्यायचं?"

"अहो, त्याच बाटलीवर टँकर बंद झाला."

हंडे घेऊन हापशाला निघालेल्या बायका थांबून आईकडं बघत राहिल्या. टँकर बंद करणाऱ्याला रोज सगळ्यात जास्त शिव्या आईच घालत व्हती.