आसपास

पतंगाच्या ओढीने पाण्यावर सरकायचे काइटबोर्ड मिळतात त्या दुकानात, झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन ती नवऱ्याच्या बोर्डचा पट्टा बदलायला उभी होती. पुढे एक धिप्पाड काका आणि काकू.

“पहिलाच बोर्ड ना, काका? वजन?” दुकानदाराने विचारलं.

“ऐंशीच्या आसपास.”

“मग हा मधला घ्या.”

“अहो, खरं सांगा.”

“अगं, चारचौघांत कशाला?”

“दादा, बोर्ड लहान पडला तर?” काकूंनी दुकानदाराला विचारलं.

“बुडत राहील. मग उभं राहायला पतंगाची ओढ वाढवावी लागते, आणि नवख्याला ती आवरत नाही.”

“ऐकलंत? तुम्ही ओढले जाल, आणि किनाऱ्यावर मी एकटी असेन. तिथे चारचौघं नसतील.”

काकांनी मागे वळून तिच्याकडे आणि बाळाकडे पाहिलं.

“एकशे बारा,” ते हळूच म्हणाले. “सगळ्यात रुंद दाखवा.”