दोन जोड बूट आणि एक नियम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या सर्वेक्षण कार्यालयाचे प्रमुख, आदरणीय साहेब. ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सगळे जमलो ते आपले वाहनचालक, लहानथोरांचे दादा. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी. टंकलेखन विभागाच्या ताई. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी नकाशे काढणारा माणूस. माझी रेघ सरळ येते, बोलणं सरळ येईलच असं नाही. दादांच्या सेवेबद्दल पाच मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. एकतीस वर्षं गाडी चालवली आणि एकदाही कुणाला खरचटलं नाही, हे साहेबांनी आत्ताच सांगितलं. मी एक आठवण सांगतो. मोजणीहून परतताना एकदा रेल्वेचं फाटक बंद होतं. लांबवर आगगाडीचा पत्ता नाही. साहेबांना बैठकीची घाई. ते म्हणाले, "दादा, बाजूने निघतेय की. काढा." दादांनी इंजिनच बंद केलं. म्हणाले, "साहेब, फाटक काय माणूस बघून पडतं का?"

साहेब आत्ता हसतायत. तेव्हा हसले नव्हते.

खरं तर माझं भाषण इथेच संपायला हवं. पुढचं मी लिहून आणलंय, पण सकाळपासून तो कागद दोनदा खिशातून काढला आणि दोनदा आत ठेवला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत नकाशा विभागातल्या मोठ्या टेबलावर आमचा एक खेळ चालतो. साहेबांची लेक शिकायला बाहेर गेली, तेव्हा तिने तो खोका आमच्या हवाली केला. झाकणावर आग ओकणारा प्राणी, आत वीस बाजूंचे फासे आणि एक जाडजूड नियमपुस्तक. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, ते एका कागदावर मांडायचं, आणि सूत्रधार सांगेल त्या संकटातून फाशावर मोठा आकडा पाडून त्याला न्यायचं. साहेब झाले मांत्रिक. ताई झाल्या चोर, त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं इमानदारीत गेली, आता जरा बदल." दादा झाले नावाडी. सूत्रधार कोण? पुस्तक वाचायचा उत्साह एकट्या मला, म्हणून मी.

गावच्या शाळेतही खेळात कोण बाद झालं हे सांगायला मास्तर मलाच उभं करायचे. "हा खोटं बोलायचा नाही," म्हणायचे.

या खेळात जादूच्या वस्तू सापडतात. एका पेटीत बुटांचे दोन जोड सापडले. एक साहेबांनी घेतला, एक दादांनी. उंचावरून पडलात, तर हे बूट पिसासारखं अलगद खाली उतरवतात. मात्र पुस्तकात स्पष्ट आहे: बुटांची शक्ती वापरायची असेल, तर फासा टाकण्याआधी तसं जाहीर करायचं. फासा पडल्यावर आठवलं, तर उपयोग नाही.

काही आठवड्यांनी साहेबांचा मांत्रिक एका खोल विहिरीत पडला. फासा वाईट पडला होता. साहेब म्हणाले, "अरे, माझे बूट राहिलेच की!" मी पुस्तक उघडलं, नियम वाचला, पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "बूट पायातच आहेत साहेब, ते आपोआप चालतात." त्या महिन्यात आमच्या कामाचे वार्षिक गोपनीय अहवाल साहेबांच्या टेबलावर होते. साहेबांनी मला काही सुचवलं नव्हतं, हे मी सगळ्यांसमोर सांगतो. वाकायची सवय माझ्याच मानेला.

चार महिन्यांनी दादांचा नावाडी एका तुटक्या पुलावर होता. ताईंच्या चोराला त्याने पलीकडे ढकललं आणि स्वतः पडला. फाशावर वीसपैकी दोन. दादा म्हणाले, "हरकत नाही, माझे बूट आहेत."

आणि मी, मंडळी, मी पुस्तक उघडलं आणि तो नियम मोठ्याने वाचून दाखवला. शब्दन् शब्द.

दादांनी विचारलं, "साहेबांनी कुठे आधी सांगितलं होतं?"

मी म्हणालो, "दादा, त्यांचे बूट वेगळे."

एक पेटी, एक पान, एकच परिच्छेद. पुस्तक टेबलावरच होतं, कुणीही हात लांब केला असता तर मी उघडा पडलो असतो. पण दादा म्हणाले, "तुम्ही वाचलंय म्हणजे बरोबरच असणार." नावाडी मेला. दादांनी चार वर्षं जपलेला त्याचा कागद घडी करून खिशात घातला. तेव्हापासून शुक्रवारी ते गाडीत बसून डबा खातात. कुणी बोलवायला गेलं की म्हणतात, "टायरकडे बघायचंय." त्या टायरकडे दोन वर्षं बघणं चाललंय. मी वरच्या खिडकीतून पाहतो. जिना उतरून खाली जायला मला काय झालं होतं?

तुम्ही म्हणाल, खेळच तो. मीही स्वतःला तेच सांगत होतो. रोज सकाळी देवापुढे बसतो, तिथेही सांगून पाहिलं. पण देवाचं काही गेलं नव्हतं. ज्याचं गेलं होतं, तो माणूस खाली गाडीत एकटा जेवत होता.

साहेब विचारतायत, "म्हणजे मी दोन वर्षं मेलेलाच खेळतोय?" नियमाने पाहिलं तर हो, साहेब. माझा अहवाल लिहिताना हे वाक्य खुशाल विचारात घ्यावं.

मागून ताई म्हणतायत, "मग आता नावाड्याला जिवंत करा!" ताई, ते माझ्या हातात आहे. म्हणूनच मी ते इथे करणार नाही. कागदावर एक रेघ ओढून मीच केलेला अन्याय मीच पुसायचा आणि टाळ्या घ्यायच्या, हे सोपं झालं. दादा, मी एवढंच सांगतो: बूट वेगळे नव्हते. मी खोटं बोललो. साहेबांना घाबरलो म्हणून त्यांना सोडलं, आणि तुम्हाला घाबरायचं कारण नव्हतं म्हणून तुम्हाला धरलं.

वहिनी दादांकडे बघतायत. वहिनी, त्यांना घाई करू नका. मी दोन वर्षं लावली, त्यांनी थोडा वेळ घेतला तर काय बिघडलं?

आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार; पुन्हा करतील असं वाटत नाही. साहेबांनी मध्येच घंटा वाजवली नाही, हे त्यांचं मोठेपण. आनंदाच्या प्रसंगी मी नको ते काढलं, त्याबद्दल सभेने मला पदरात घ्यावं.

दादांकडे मात्र मला तसं मागता येत नाही. फासा पडल्यावर जाहीर केलेलं चालत नाही, हा नियम त्यांना मीच वाचून दाखवला होता, आणि माझी माफी फासा पडून दोन वर्षं झाल्यावर आली आहे. ती चालवून घ्यायची की नाही, याचा निवाडा आता दादांनी करावा. ते सांगतील तो मला मान्य आहे.