आक्काचा कट्टा

माझं डोकं तापलं की नुकसानच हुतं म्हणता न्हवं? मग ह्ये ऐका. सत्तर-पंच्याहत्तरचा सुमार. सांगलीत पेठंत माझी थोरली भन आक्का एकटी ऱ्हायची. तिचं भाड्याचं घर पाडून तिथं बिल्डिंग हुणार हुती, आन तिला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळणार हुती. नव्या बिल्डिंगी काड्यापेटीगत दिसत्यात म्हणून पेठंत लय बोंब झाली, आन देवळात सभा भरली. बिल्डिंगीचा इंजिनेर नकाशा घेऊन आला.

कुनी म्हणं कमानी बांधा, कुनी म्हणं रंग पिवळा द्या. मी उठलो. "साहेब, नकाशात दारम्होरचा कट्टा कुठं हाय?"

तरणा इंजिनेर हासला. "काका, प्रत्येकाला गॅलरी दिलीय की."

"मग गॅलरीतनं गॅलरीत बोंबलायचं व्हय रं? माझी आक्का रोज सांजच्याला कट्ट्यावर बायांत बसती. तिसऱ्या मजल्यावर काय भिताडाशी बोलंल?"

"कट्ट्यावर लोक नुसते भांडतात हो."

"मग घरात गप मरायचं काय?" म्हणून मी तरातरा भाईर आलो आन देवळाच्या पायरीवर बसलो. मागनं आक्का आली. "चारचौघांत वरडतोस काय, मुडद्या?" म्हणत शेजारी बसली. तिच्या मागनं बाया आल्या, मग गडी आलं. कुनीतरी च्या सांगितला आन रंगावरनं पायरीवरच भांडण जुंपलं.

आत कोनच उरलं न्हाई, तवा इंजिनेर नकाशा घेऊन भाईर आला.

"काका, थोडं सरका." बसला, पेन्सिल काढली. "कट्टा किती उंच करू?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणली, "बसल्यावर म्हातारीचं पाय भुईला टेकलं पायजेत, येवढा."